चढावर हब मोटर अचानक बंद पडली : पूर्ण मोटर बदलण्याआधी काय तपासावे?

बावधनवासी (प्रश्न)

नमस्कार. माझ्या इलेक्ट्रिक सायकलच्या मागच्या चाकात २५० वॅटची, गिअर असलेल्या प्रकारची हब मोटर आहे आणि बॅटरी ३६ व्होल्टची आहे. बावधन ते शिवाजीनगर असे रोजचे जाणे-येणे मी या सायकलवर करतो. गेल्या आठवड्यात संध्याकाळी परतताना वनाझच्या पुढे चांदणी चौकाकडे जाणाऱ्या चढावर मोटरने अचानक हिसके दिले, गुरगुरल्यासारखा आवाज केला आणि ती बंद पडली. डिस्प्ले चालू होता, दिवा लागत होता आणि बॅटरीची पातळी अर्ध्याहून अधिक दिसत होती. जळाल्याचा वास आला नाही.

त्यानंतर घरी पाहिले, तेव्हा चाक पुढच्या दिशेने पूर्वीसारखेच मोकळे फिरत होते. थ्रॉटल दिल्यावर मोटर जागच्या जागी थरथरते, पण चाक फिरत नाही. मात्र सायकल वीतभर मागे ओढून पुन्हा थ्रॉटल दिले, तर कधी कधी मोटर सुरू होते, काही वेळ बरी चालते आणि थांबून पुन्हा निघताना तोच प्रकार होतो.

ज्या दुकानातून सायकल घेतली, तेथील कारागिराने मोटर न उघडताच ती जळाल्याचे सांगितले आणि मोटरसह पूर्ण चाक बदलावे लागेल, असे सुचवले. मोटरच्या हमीची मुदत संपलेली आहे. खर्च मोठा असल्यामुळे मोटर खरोखरच जळाली आहे का, हे घरच्या घरी मल्टिमीटरने तपासता येईल का? मला विजेच्या कामाची प्राथमिक माहिती आहे आणि वायर जोडायला डाग (सोल्डरिंग) देता येतो.

तारजोडणी

आपण दिलेल्या माहितीत सर्वांत मोलाची गोष्ट सायकल मागे ओढल्यावर मोटर सुरू होण्याची आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. गिअर असलेल्या हब मोटरमध्ये एकदिशा क्लच असतो. त्यामुळे चाक पुढे फिरवले, तर आतला रोटर, म्हणजे मोटरचा चुंबक असलेला फिरता भाग, जागेवरच राहतो. चाक मागे फिरवले, तरच रोटर त्याच्याबरोबर फिरतो. म्हणजेच सायकल मागे ओढून आपण नकळत रोटरची जागा बदलत आहात आणि काही जागांवरून मोटर सुटते, काही जागांवरून सुटत नाही. गुंडाळी जळालेली मोटर सहसा असे वागत नाही. गुंडाळ्या आपसात चिकटल्या असतील, तर चाक मागे फिरवताना रोटर कायम जड लागतो.

ही मोटर ब्रशविरहित असल्यामुळे कोणत्या क्षणी कोणत्या गुंडाळीत वीज सोडायची, हे कंट्रोलर ठरवतो आणि त्यासाठी रोटर नेमका कुठे आहे हे त्याला कळावे लागते. ते काम तीन हॉल सेन्सर करतात. प्रत्येक सेन्सर चुंबकाचा ध्रुव समोरून सरकला की शून्य किंवा साधारण ५ व्होल्ट अशी खूण देतो. तीन सेन्सरच्या मिळून आठ जुळण्या संभवतात, पण धडधाकट मोटरमध्ये त्यांपैकी सहाच येतात. तिन्ही शून्य किंवा तिन्ही ५ व्होल्ट अशी जुळणी कंट्रोलरच्या दृष्टीने चूक असते. आता एक सेन्सर कायम ५ व्होल्टवर अडकला असे धरा. सहांपैकी एका जागी ती चुकीची जुळणी येईल आणि आणखी दोन जागी कंट्रोलरला रोटरची भलतीच जागा कळेल. उरलेल्या जागांवरून मात्र मोटर नीट सुटेल. एकदा चाकाने वेग घेतला की रोटर त्या वाईट जागा स्वतःच्या जोरावर ओलांडून जाऊ शकतो. आपण वर्णन केलेला प्रकार याच्याशी जुळतो. गुंडाळ्यांना वीज नेणाऱ्या तीन जाड वायरींपैकी (फेज वायर) एक तुटली, तरीही लक्षणे जवळपास अशीच दिसतात, म्हणून दोन्ही तपासावे लागेल.

सर्वांत आधी दोन्ही ब्रेकच्या मुठींकडून कंट्रोलरकडे जाणारे कनेक्टर काढून पाहा. ब्रेकचा स्विच अडकला, तर कंट्रोलर मोटरला वीजच देत नाही. आपली मोटर थरथरते आहे, त्यामुळे हे कारण असण्याची शक्यता कमी आहे, पण तपासायला वेळ लागत नाही.

त्यानंतर बॅटरी काढून ठेवा आणि मोटरचा कनेक्टर सोडवा. त्यात तीन जाड वायर असतात, बहुधा पिवळी, हिरवी आणि निळी. त्या गुंडाळ्यांच्या आहेत. त्यांचा आपसातला रोध एक ओमहूनही कमी असतो आणि साधा मल्टिमीटर तो खात्रीने मोजू शकत नाही, म्हणून आकड्याच्या मागे लागू नका. त्याऐवजी दोन जाड टोके एकमेकांना जोडा आणि चाक मागे फिरवा. चाकाला ठळक अडखळ जाणवली पाहिजे. अशा तीन जोड्या होतात आणि तिन्हींत अडखळ सारखीच हवी. एखाद्या फेजची वायर तुटली असेल, तर तिच्या दोन्ही जोड्यांत अडखळ येणार नाही. टोके सुटी असताना मात्र चाक मागे हलके फिरले पाहिजे. तसेच प्रत्येक जाड वायर आणि मोटरचा आस यांच्यामध्ये मल्टिमीटरने संपर्क दाखवता कामा नये.

आता बारीक वायरी पाहू. लाल ही हॉल सेन्सरना ५ व्होल्ट पुरवते, काळी परतीची आणि पिवळी, हिरवी, निळी या खुणेच्या. आणखी एखादी पांढरी वायर असेल, तर ती बहुधा वेगमापनाची असते. कनेक्टर पुन्हा जोडा, बॅटरी बसवा, डिस्प्ले चालू करा, थ्रॉटलचा कनेक्टर काढून ठेवा आणि मागचे चाक जमिनीपासून उचललेले ठेवा. मल्टिमीटरची काळी सुई काळ्या वायरवर ठेवून लाल सुईने आधी लाल वायरवर ५ व्होल्टच्या आसपास दाब आहे का ते पाहा. मग खुणेची एकेक वायर तपासताना चाक अगदी सावकाश मागे फिरवा. चाकाच्या एका फेरीत प्रत्येक वायरवरील दाब कित्येकदा शून्याजवळ आणि पुन्हा वर गेला पाहिजे. जी वायर हलणार नाही, तिच्यात दोष.

हे करताना एक काळजी मनापासून घ्या. सुई घसरून जाड आणि बारीक वायर एकमेकींना टेकली, तर बॅटरीचा दाब ५ व्होल्टच्या भागात शिरतो आणि धडधाकट कंट्रोलर त्याच क्षणी निकामी होतो. सुईचे टोक सोडून बाकी भागावर इन्सुलेशन टेप गुंडाळावी. आपला कनेक्टर गोल, पाणीरोधक आणि बंद प्रकारचा असेल, तर त्यात मागून सुई घालता येणार नाही; अशा वेळी कंट्रोलरची पेटी उघडून आतल्या बाजूला मोजावे.

नानापेठेचा कारागीर

वरचे विवेचन योग्य आहे, पण माझ्या कामात आलेल्या बंद हब मोटरींमध्ये नायलॉनचे गिअर झिजलेल्या मोटरी पुष्कळ असतात, म्हणून ते कारण नोंदवून ठेवतो. आत तीन लहान नायलॉन चाके असतात आणि चढावर सगळा भार त्यांच्या दातांवर येतो. दात गेले की मोटर आतल्या आत फिरत राहते, घरघर ऐकू येते आणि चाक मात्र पुढे जात नाही. क्लच निसटू लागला, तरीही असेच होते.

प्रश्नकर्त्याची मोटर फिरत नसून जागेवर थरथरते आहे. या दोहोंतला फरक हबवर हात ठेवला की कळतो: आत काहीतरी वेगाने फिरते आहे असे जाणवले, तर गिअर, नुसता कंप असेल, तर वीज किंवा सेन्सर. गिअरचा संच वेगळा मिळतो आणि त्यासाठी सबंध मोटर टाकून देण्याची गरज नसते, हेही लक्षात असू द्या.

माझा एक प्रश्न आहे. अलीकडे कोणी मागचे चाक काढले होते का? हे विचारण्याचे कारण असे की, मोटरची केबल आसातूनच आत जाते आणि चाक बसवताना ती जागा सर्वाधिक दुखावते.

ग्राहकहित

हमीची मुदत संपली असली, तरी मोटर जळाल्याचे निदान कोणत्या तपासणीवरून केले, हे दुकानाकडून लेखी मागून घ्या आणि चाक बदललेच, तर जुनी मोटर परत मागा. न केलेल्या तपासणीच्या आधारे मोठा खर्च सांगणे ही सेवेतील त्रुटी म्हणून मांडता येऊ शकते आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ज्यांची हमी अजून चालू आहे, त्यांनी मात्र मोटरचे झाकण स्वतः उघडू नये. बाहेरून कनेक्टरवर मोजणे आणि झाकण उघडणे यांत हमीच्या दृष्टीने मोठा फरक पडतो.

बावधनवासी

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली, तिचे निष्कर्ष देतो.

ब्रेकचे कनेक्टर काढून फरक पडला नाही. जाड वायरींच्या तिन्ही जोड्यांत चाकाला सारखीच अडखळ जाणवली, टोके सुटी केल्यावर चाक हलके फिरले आणि आसाशी कोणत्याही वायरचा संपर्क आढळला नाही. हबवर हात ठेवल्यावर आत काही फिरत असल्याचे जाणवत नाही, नुसता कंप आहे. लाल वायरवर दाब व्यवस्थित आहे. निळ्या आणि हिरव्या वायरींवरील दाब चाकाबरोबर वर-खाली होतो, पण पिवळ्या वायरवर तो कायम ५ व्होल्टच्या जवळ राहतो.

चाक काढण्याविषयी विचारले होते. होय, हा प्रकार घडण्याच्या थोडेच आधी मागचे चाक पंक्चर झाले होते आणि रस्त्यालगतच्या एका दुकानात चाक पूर्ण काढून पंक्चर काढून घेतले होते.

म्हणजे पिवळ्या वायरचा हॉल सेन्सर गेला, असे समजावे का?

तारजोडणी

गुंडाळ्या चांगल्या आहेत, एवढे आता खात्रीने म्हणता येईल. मोटर जळालेली नाही. पण सेन्सर गेला असे म्हणण्याची घाई करू नका.

हॉल सेन्सर स्वतः ५ व्होल्ट बाहेर देत नाही. खुणेच्या वायरवरचा दाब कंट्रोलरमधील एका रोधामार्फत वर ओढून धरलेला असतो आणि सेन्सर फक्त ठराविक ध्रुव समोर आला की ती वायर शून्याकडे खाली खेचतो. त्यामुळे वायरवर कायम ५ व्होल्ट दिसणे याचा अर्थ एवढाच की, तिला खाली खेचणारे कोणी नाही. सेन्सर निकामी असेल तरी असेच दिसेल आणि सेन्सर ठणठणीत असून मधली वायर तुटली असेल, तरीही असेच दिसेल. पंक्चरची हकीकत ऐकल्यावर माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे झुकतो.

झाकण उघडण्याआधी आणखी एक गोष्ट करून पाहा. पिवळ्या वायरवर सुई ठेवून एकाला चाक सावकाश मागे फिरवायला सांगा आणि तुम्ही केबल आसात शिरते त्या ठिकाणी ती हळूहळू वेगवेगळ्या बाजूंना वाकवा. एखाद्या स्थितीत दाब हलू लागला, तर दोष तिथेच आहे. केबलच्या बाहेरच्या आवरणावर ओरखडा किंवा चेपल्याची खूण आहे का, हेही पाहा.

चढाचे गणित

दोष केबलमध्ये निघाला, तरी चढाचा मुद्दा सोडून देऊ नये, असे मला वाटते. पुण्यात बावधन, कात्रज, पाषाण या बाजूंना राहणाऱ्या सर्वांना तो लागू होतो.

शंभर मीटर अंतरात सहा मीटर उंची गाठणारा रस्ता धरू आणि स्वार, सायकल व पिशवी मिळून ११० किलो वजन धरू. ताशी १२ किलोमीटर वेगाने हा चढ चढण्यासाठी केवळ उंची गाठायला सुमारे २१५ वॅट लागतात आणि टायरच्या घर्षणासाठी आणखी ३५-४० वॅट. म्हणजे पायडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर चढलात, तर मोटरला आपली पूर्ण २५० वॅटची क्षमता सतत द्यावी लागते. चढ याहून तीव्र झाला की वेग उतरतो आणि वेग उतरला की मोटर अधिक प्रवाह ओढते. गुंडाळीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. शिवाय गिअर असलेल्या हबमध्ये गुंडाळ्या आतल्या आसाशी जोडलेल्या असतात आणि बाहेरच्या कवचापर्यंत उष्णता पोहोचण्याच्या वाटेत हवेचा थर येतो. त्यामुळे हब हाताला कोमट लागला, तरी आत बराच ताप असू शकतो. नायलॉनचे गिअर, वायरींचे आवरण आणि सेन्सरचे डाग या सगळ्यांचे आयुष्य त्याने कमी होते.

आपण स्वतः पायडलवर शंभर वॅट जरी दिले, जे बहुतेक निरोगी माणसांना काही मिनिटे सहज जमते, तरी मोटरवरचा भार दीडशेवर येतो. वेग आठ-दहाच्या खाली जाऊ लागला की सायकलचे हलके गिअर टाकून जोरात पायडल मारावे आणि थ्रॉटल सोडून द्यावे. अधिक ताकदीची मोटर बसवणे हा उपाय काही जण सुचवतात, पण ते करताना विचार करावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नोंदणीतून सूट मिळण्यासाठी मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असावा लागतो.

बावधनवासी

दोष सापडला, म्हणून सविस्तर लिहितो. केबल आसाजवळ खालच्या बाजूला वाकवली की पिवळ्या वायरवरील दाब चाकाबरोबर हलू लागत होता आणि सोडली की पुन्हा ५ व्होल्टवर स्थिरावत होता. चाक काढल्यावर दिसले की, आसाला फिरू न देणारा दातेरी वॉशर उलटा बसवलेला होता आणि त्याचा दात चौकटीच्या खाचेत नव्हता. त्यामुळे चढावर मोटरने जोर लावला की आस किंचित फिरत असणार आणि नटाच्या कडेवर केबल घासत असणार. बाहेरचे आवरण तेथे कापले गेले होते.

तपकीर गल्लीतून केबल आणि उष्णतेने आवळणारी स्लीव्ह आणली, पण आसाच्या पोकळीतून नवीन केबल ओढणे एकट्याला जमण्यासारखे नव्हते. मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या एका कारागिराने झाकण उघडून ते काम माझ्यासमोर करून दिले. आतल्या गुंडाळ्यांवर काळवंडल्याची खूण नव्हती, गिअरचे दात चांगले होते आणि गिअरमध्ये नवे ग्रीस भरले. एकूण खर्च नव्या चाकाच्या किमतीच्या मानाने अगदी थोडा आला. काल चांदणी चौकाचा चढ मोटर आणि पायडल दोन्हींवर चढलो; मोटर व्यवस्थित चालली.

शेवटची शंका. माझी चौकट पोलादी आहे. दातेरी वॉशर पुरेसा आहे की टॉर्क आर्म (आस फिरू नये म्हणून चौकटीला बांधायची पट्टी) बसवावा? आणि पावसाळ्यात केबलच्या वाटेने पाणी आत जाऊ नये म्हणून काय करावे?

तारजोडणी

मनापासून आनंद झाला. पोलादी चौकट, मागचे चाक आणि २५० वॅटची गिअर मोटर एवढ्यासाठी दोन्ही बाजूंना नीट बसवलेले दातेरी वॉशर पुरेसे आहेत. ॲल्युमिनियमचा पुढचा फोर्क किंवा याहून ताकदीची मोटर असती, तर मी टॉर्क आर्मचा आग्रह धरला असता. वॉशरचा दात खाचेच्या आत गेला आहे हे डोळ्यांनी पाहूनच नट आवळावा. नट सुमारे ४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावा लागतो. टॉर्क दाखवणारा पाना एखाद्या चांगल्या गॅरेजमध्ये मिळेल, तिथून तो अंदाज एकदा हाताला लावून घ्या. पहिल्या काही फेऱ्यांनंतर नट पुन्हा तपासा, कारण वॉशर बसले की ताण थोडा उतरतो.

पाण्यासाठी केबल आसातून बाहेर पडल्यावर आधी खाली झुकवून मग चौकटीवर चढवा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी त्या वळणाच्या तळाशी गळून पडेल आणि आसात शिरणार नाही. केबल शिरते त्या तोंडाशी न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन लावा. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तांब्याला गंज आणते, म्हणून ते टाळा. धुताना हबवर जोराच्या पाण्याचा फवारा मारू नका. पुढच्या वेळी पंक्चर झाले, तर टायरची एक बाजू सोडवून ट्यूब बाहेर काढायला सांगा. भोक बुजवण्यासाठी चाक चौकटीतून काढण्याची गरज पडत नाही.